सत्र पहिले, विषय दंतकथा

दंतकथा-सत्र म्हणजे पहिल्या सत्रातले सगळे विषय एकाच गोष्टीच्या दोरीवर वाळत घालण्याची अध्यापनपद्धती. गोष्टीतल्या किल्ल्याची भिंत मोजली की गणित, नदी काढली की भूगोल, राक्षस रंगवला की चित्रकला आणि त्याच राक्षसाला पत्र लिहिले की भाषा. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत राजा आर्थर आणि रॉबिन हूड यांच्या जिवावर अर्धी सत्रे निघतात. नागपुरात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत हिला थीम म्हणतात, मराठी माध्यमाच्या शाळेत उपक्रम म्हणतात आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री साडेनऊला ‘उद्या नेमकं काय आणायचं आहे?’ असे म्हणतात.

पद्धतीला शास्त्राधार भक्कम आहे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक आधी वर्गाला शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि वर्ग त्याचाच खेळ करतो; मग तो गोष्ट सुरू करतो आणि पोरे जागेवर बसतात. शिक्षणतज्ज्ञ किरन ईगन यांनी 1986 च्या आपल्या पुस्तकात असे मांडले, की लहान मुलांना गल्लीतल्या पोस्टमनपेक्षा शूर आणि भित्रा, सुष्ट आणि दुष्ट हे आधी कळतात. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाने मात्र मुलाला घर, शाळा, परिसर, जिल्हा अशा पायऱ्यांनीच बाहेर काढायचे ठरवले आहे. दंतकथा-सत्र या दोन मतांच्या मधोमध उभे असते. जिल्हा नागपूरच, पण त्यात यक्ष राहतो.

कोणत्याही मार्गदर्शिकेत न सापडणारी अडचण म्हणजे श्रोता. सात ते दहा वर्षांच्या मुलाचा दंतकथेवर अविश्वास नसतो. त्याला तपशील हवा असतो. ‘खरंच होतं का जी?’ या प्रश्नाचा अर्थ मोठी माणसे ‘हे खोटे आहे’ असा घेतात आणि रूपक, प्रतीक, लोकमानस असले काहीतरी समजावू लागतात. मुलाला पाहिजे असते राक्षसाच्या चपलेचे माप. ते एकदा सांगितले की तो पुढच्या गोष्टीला मोकळा होतो. न सांगितल्यास तो घरी जाऊन स्वतः ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या नावावर वर्गात सांगतो.

सत्राचा आरंभ रामटेकपासून होतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, त्यामुळे नवे दप्तर, पहिला पाऊस आणि कालिदास बहुधा बरोबरच वर्गात शिरतात. नागपूरपासून सुमारे 50 किलोमीटरवरचा रामटेकचा गड म्हणजेच ‘मेघदूता’तला रामगिरी, असे प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. छत्तीसगडमधल्या सरगुज्याच्या रामगढाचाही या मानावर दावा आहे, पण नागपूरच्या शाळेत त्या बाजूचे म्हणणे ऐकून घेण्याची प्रथा नाही.

कथा सोपी आहे. कामात कुचराई केली म्हणून कुबेराने एका यक्षाला बायकोपासून दूर, वर्षभरासाठी रामगिरीवर धाडले. आषाढाच्या पहिल्या दिवशी त्याला ढग दिसला आणि त्याने ढगाबरोबर निरोप पाठवला. वर्गाला यात विशेष काही वाटत नाही. शिक्षकांना वाटते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदलीच्या धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद आहे. कुबेराच्या दरबारी ती नव्हती आणि यक्षाने पोर्टलवर अर्ज न भरता थेट ढगाला निवेदन दिले. शापाचे उरलेले चार महिने कार्तिकातल्या एकादशीला संपतात. आषाढ ते कार्तिक म्हणजे जवळजवळ नेमके पहिले सत्र, हा योगायोग शिक्षककक्षात चहाच्या वेळी हमखास लक्षात येतो.

मुलांना ढगाच्या वाटेचा नकाशा काढायला दिला जातो. रामटेक, विदिशा, उज्जैन, मग वर कैलासाजवळची अलका. यक्ष स्वतःच ढगाला सांगतो, की वाकडी वाट पडली तरी उज्जैनवरून जा. नकाशा काढणाऱ्याला हे पटत नाही. ‘लवकर पोचायचं आहे तर मंग उज्जैनवरून काऊन?’ कालिदासाचे उज्जैनवर प्रेम होते, असे उत्तर टीकाकारांनी देऊन ठेवले आहे. वर्गात यावर मतदान घेतल्यास बहुमत ‘ढगाची मावशी तिथे राहत असेल’ या मताला पडते आणि खरे पाहता संस्कृत पंडितांच्या उत्तराहून ते फार दूर नाही.

रामटेकची सहल याच सुमारास निघते. गडावरच्या वराहाच्या मोठ्या मूर्तीविषयी समजूत अशी, की तिच्या पोटाखालून पुण्यवानालाच पलीकडे जाता येते, पापी अडकतो. या कसोटीवर दुसरीचा अख्खा वर्ग काही मिनिटांत निष्पाप ठरतो. मग ती पंचेचाळीस निष्पाप तोंडे सोबत आलेल्या शिक्षकांकडे वळतात. अनुभवी शिक्षक नेमकी त्याच वेळी हजेरी घेतात.

श्रावणात गोंड राजांची पाळी येते. देवगडच्या बख्त बुलंद शाहने 1702 मध्ये बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले, ही झाली इतिहासाची बाजू. ती फळ्यावर एका ओळीत मावते. त्याचा पूर्वज जाटबा मात्र दोन तासिका घेतो. रणसूर आणि घनसूर या गवळी राजांच्या चाकरीतल्या जाटबाला सणाला लाकडी तलवारीने रेडा मारायचा हुकूम होतो. देवी स्वप्नात येऊन ‘तलवार चालेल’ म्हणते, तलवार खरोखरच चालते आणि रेड्यानंतर त्याच तलवारीने राजांचाही निकाल लागतो. ‘आईन-ए-अकबरी’त जाटबाकडे 2000 घोडेस्वार, 50,000 पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याची नोंद आहे. शिक्षक हे आकडे मोठ्या हौसेने फळ्यावर लिहितात. वर्गाने तोपर्यंत ‘लाकडी’ हा एकच शब्द ऐकलेला असतो. दुसऱ्या दिवशी भूमिती नसतानाही दप्तरांतून फूटपट्ट्या निघतात. जाणत्या शाळा त्या आठवड्यात प्लास्टिकच्या पट्ट्या आणायला सांगतात आणि देवीला प्लास्टिक चालते का, या प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकांवर सोपवतात.

चंद्रपूर नागपूर जिल्ह्यात येत नाही, पण ससा असल्यामुळे त्याला सवलत मिळते. खांडक्या बल्लाळशाह हा अंगभर व्रणांनी त्रासलेला राजा झरपट नदीच्या कुंडातले पाणी प्यायला आणि बरा झाला. पुढे त्याने एक नवल पाहिले : कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करत होता. राणीने सल्ला दिला, की ज्या वाटेने हे दोघे धावले त्या वाटेवर तट बांधावा. चंद्रपूरचा परकोट तोच आणि तो साधारण 11 किलोमीटर भरतो.

प्राथमिक वर्गांसाठी याहून सरस दंतकथा महाराष्ट्रात सापडणे कठीण. हिच्यात प्राणी आहे, उलटी गंमत आहे, आई म्हणते तेच शेवटी खरे ठरते आणि गणितही आहे. 11 किलोमीटर धावायला सशाला किती वेळ लागेल, हे उदाहरण तिसरीला घातले जाते. अडचण उत्तराची नसते. सशाने मध्ये पाणी पिले का, कुत्रा म्हातारा होता का, राजा घोड्यावर होता की पायी, आणि राजाला सगळे दिसत होते तर त्याने आपल्या कुत्र्याला मदत काऊन नाही केली, एवढे ठरल्याशिवाय वर्ग भागाकाराला हात लावत नाही. शेवटचा प्रश्न नैतिक आहे आणि त्याचे उत्तर गॅझेटियरमध्येही नाही. कथेच्या शेवटी कुत्रा उलटतो आणि ससा मरतो, हा भाग बहुतेक शिक्षक गाळतात. ज्या मुलाची आत्या चंद्रपूरला राहते, तो मधल्या सुट्टीत ही उणीव भरून काढतो. सुट्टीनंतर वर्गात चार जणी रडत असतात आणि सत्राचा आराखडा एक तासिका मागे पडतो.

या टप्प्यावर ‘घरी आजी-आजोबांना विचारून एक दंतकथा लिहून आणा’ हा स्वाध्याय दिला जातो. सगळ्या सत्रात याच्याइतका स्वस्त आणि याच्याइतका धोकादायक स्वाध्याय नाही. कोराडीची कथा किमान चार वह्यांत येते. जाखापूरच्या झोलन राजाला जानोबा, नानोबा, बानोबा, बैरोबा, खैरोबा, अग्नोबा आणि दत्तासुर असे सात मुलगे, पण मुलगी नाही. म्हणून त्याने यज्ञ केला आणि देवीच कन्या होऊन आली. ही नावे पाठ करायला वर्गाला एक दिवस पुरतो आणि पुढचा आठवडाभर हजेरीला मुले स्वतःच्या नावाऐवजी यांच्यापैकी एकाच्या नावाला ‘हजर’ म्हणतात. मुलासाठी नवस करणाऱ्या कथांच्या ढिगाऱ्यात मुलीसाठी यज्ञ करणारा राजा निघावा, ही गोष्ट खरोखर थांबून सांगण्यासारखी आहे. आणि मागच्या बाकांवरून हटकून एक शंका येते : ‘सात पोरं होती तर मुलगी पाहिजेच होती ना जी, भांडी कोण घासन?’ इथे दंतकथा बाजूला ठेवून वेगळाच पाठ घ्यावा लागतो. कोराडीची देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा दिसते, अशी श्रद्धा आहे. पहिल्या तासिकेपासून शेवटच्या तासिकेपर्यंत शिक्षिकेतही हाच फरक पडतो, हे मुलांनी पाहिलेले असल्यामुळे त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

बाकीच्या वह्यांत जे येते त्याची वर्गवारी करणे शिक्षणशास्त्राच्या आवाक्याबाहेर आहे. दोन वह्यांत ‘बाहुबली’ असतो. एकीत शेजारच्या काकांनी चिंचेच्या झाडावर पाहिलेली बाई असते, तारीख आणि वेळेसह. एकीत आजीने स्वतःच्या सासूविषयी सांगितलेली हकिकत असते. ती दंतकथेच्या सर्व निकषांत बसते, पण वर्गात वाचता येत नाही.

सत्राचा कळस पोळ्याच्या पाडव्याला असतो आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. नागपुरात तान्हा पोळा आणि मारबतीसाठी स्थानिक सुट्टी जाहीर होते. ज्या दिवशी दंतकथा स्वतः रस्त्यावरून चालत जाते, त्या दिवशी दंतकथांचा वर्ग कुलूपबंद राहतो. शासनाच्या हातून अजाणता झालेली ही सर्वांत योग्य शैक्षणिक तरतूद म्हटली पाहिजे.

तान्हा पोळा हा लेकरांचा पोळा. तो दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केला असे सांगतात. मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा गोळा करतात. बोजाऱ्याच्या पैशांची बेरीज मुले बिनचूक करतात. तीच बेरीज स्वाध्यायपुस्तिकेत आली की चुकते. याचे कारण शोधून काढण्यासाठी अनेक प्रशिक्षणे झाली आहेत.

त्याच दिवशी मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, निघतात. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, असे सांगितले जाते. पिवळी जागनाथ बुधवारीची, काळी इतवारीची. दोघींची मिरवणुकीत गाठ पडते तेव्हा जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते. गावातली रोगराई, संकटे आणि वाईट वृत्ती घेऊन जा, असे मारबतीला ओरडून सांगायचे आणि शेवटी तिचे दहन करायचे, असा परिपाठ. बरोबर बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, असतात. ते दरवर्षी नवे. महागाई, भ्रष्टाचार, डेंगू, खड्डे, ज्या वर्षी जे गाजले असेल ते. वर्तमानपत्राच्या अग्रलेखाला एवढी गर्दी कधी जमलेली नाही.

काळी मारबत म्हणजे कोण, यावर शहरात दोन मते आहेत. एक मत पुराणातले : ती कृष्णाला विष पाजायला आलेली पूतना. दुसरे भोसलेकालीन : ती बाकाबाई, इंग्रजांना सामील झाल्याचा ठपका लोकांनी जिच्यावर ठेवला. अर्ध्या वर्गाला आजीने पूतना सांगितलेली असते, अर्ध्याला बाकाबाई. शिक्षक फळ्यावर ‘दोन्ही मते प्रचलित आहेत’ असे लिहितात. हे वाक्य लोकसाहित्याच्या अभ्यासकाला समाधान देते. चौथीतल्या विद्यार्थ्याला ते पुरत नाही. त्याचा प्रश्न एकच असतो : ‘परीक्षेत कोणतं लिवायचं?’

सुट्टीच्या आधीच्या शनिवारी वर्गाचा स्वतःचा बडग्या करण्याची प्रथा अनेक शाळांत रुळते. कागदाचा लगदा, जुनी पॅन्ट, वाळलेले गवत आणि पालकांनी दिलेला शर्ट, जो घरातल्या वडिलांना संध्याकाळी शोधूनही सापडत नाही. ‘आपल्याला कोणत्या वाईट गोष्टी घालवायच्या आहेत?’ असे विचारून यादी केली जाते. शिक्षकांच्या मनात प्लास्टिक, कचरा आणि डास असतात. यादीत येते ते असे : सातचा पाढा. स्वाध्यायपुस्तिका. रिक्षात मागे बसायला लागणे. दुधावरची साय. दादा. मुख्याध्यापकांचा उल्लेख येण्यापूर्वी चर्चा आवरती घेतली जाते आणि सर्वानुमते बडग्याच्या पोटावर ‘डेंगू’ लिहिले जाते. गळ्यातल्या पाटीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने ‘सातचा पाढा’ असतोच.

मग लक्षात येते, की शाळेच्या आवारात आग लावता येत नाही. बडग्या क्रीडासाहित्याच्या खोलीत ठेवला जातो. डेंगू आणि सातचा पाढा या दोन्ही गोष्टी त्यामुळे वर्षभर शाळेतच राहतात आणि निकालपत्रकांवरून पाहता यातला दुसरा भाग तरी अगदी खरा ठरतो.

दसऱ्याच्या सुमारास दंतकथा आणि इतिहास यांच्यातली रेघ जपून ओढावी लागते. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात हे शहर का निवडले हे सांगताना त्यांनी नाग लोकांचा आणि त्यांनी केलेल्या धम्मप्रसाराचा उल्लेख केला. त्यामुळे शहरात नाग कुठून आला या प्रश्नाला एका बाकावर तीन उत्तरे मिळतात : नागमोडी नदीतून, नागपंचमीच्या नागोबातून आणि नाग लोकांकडून. तिसरे उत्तर देणाऱ्या मुलाला ‘ही पण छान गोष्ट आहे’ असे म्हणून खाली बसवणारा शिक्षक चुकतो. त्या मुलाच्या घरी ही गोष्ट नाही, तिथे तिला तारीख आहे. मुलाला हा फरक बरोबर कळतो आणि तो शिक्षकाकडे सत्र संपेपर्यंत जरा दयेने पाहतो.

नवरात्रात वेशभूषा दिन. दंतकथेतले पात्र होऊन यावे, असा संदेश आदल्या रात्री जातो. सकाळी वर्गात भाड्याच्या पोशाखातले अकरा कृष्ण असतात. त्यांच्यापैकी नऊ जणांचे मोरपीस दहा वाजेपर्यंत मोडते. यक्ष कोणी होत नाही, कारण यक्षाचा पोशाख भाड्याने मिळत नाही. ससे दोन, कुत्रा एक. तिघे प्रार्थनेपासून धावत असतात आणि कोणी कोणाच्या मागे धावायचे हे आधीच ठरलेले असल्यामुळे शाळेत त्या दिवशी खरी नाट्यप्रतिभा फक्त त्यांच्यात दिसते. एखादी मुलगी तोंडाला काजळ फासून काळी मारबत होऊन येते. बक्षीस मात्र कृष्णालाच मिळते.

मूल्यमापन हा सत्रातला सर्वांत कल्पक भाग. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिकचे 70 आणि संकलितचे 30 टक्के, तिसरी-चौथीला 60 आणि 40. आकारिकची साधनतंत्रे आठ, दैनंदिन निरीक्षणापासून प्रकल्पापर्यंत. दैनंदिन निरीक्षणाच्या नोंदी ऑक्टोबरमधल्या एका रात्रीत होतात. त्या स्मरणावर आधारलेल्या असतात, एका शाळेतून दुसरीत तोंडी आणि झेरॉक्सने पसरतात, त्यांचा मूळ कर्ता कोणालाच माहीत नसतो आणि त्यांत दरवर्षी थोडी भर पडते. लोकसाहित्याचा अभ्यासक दंतकथेची जी लक्षणे सांगतो, ती सत्रभरात याहून स्वच्छ कुठेच भेटत नाहीत. प्रगतिपुस्तकात ‘विशेष प्रगती’ या रकान्यात ‘कथा आवडीने ऐकतो’, ‘आवड / छंद’ या रकान्यात ‘प्रश्न विचारणे’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात ‘प्रश्न विचारणे’ असे एकाच मुलाबाबत एकाच हस्ताक्षरात लिहिलेले आढळते.

संकलित चाचणीनंतर उरलेल्या दिवसांत झिरो माइलला भेट देता येते. चार घोड्यांशेजारचा हा स्तंभ 1907 चा, सर्वेक्षण खात्याचा. त्यावर आसपासच्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. हा भारताचा मध्यबिंदू आहे, असे सोबतचे पालक मुलांना सांगतात, रिक्षाचालक सांगतात आणि सत्रभर दंतकथा शिकवलेले शिक्षकही सांगतात. भूगोलाच्या हिशेबाने आजच्या भारताच्या मध्याचा मान मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातले करौंदी हे गाव सांगते. इथे प्रथमच मुलांऐवजी मोठ्यांच्या तोंडून ‘खरंच का?’ असा प्रश्न निघतो आणि त्यात नाराजी असते.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वर्ग रिकामा केला जातो. दुसऱ्या सत्राचा विषय ‘वाहतुकीची साधने’ हा आहे. क्रीडासाहित्याच्या खोलीत तीन लाकडी नंदी, एक मोडका मोरपिशी मुकुट, सशाचा डावा कान, चौदा फूटपट्ट्या आणि निळ्या रेघांचा एक पूर्ण बाह्यांचा शर्ट शिल्लक आहे. शर्ट ज्या पालकांचा असेल त्यांनी तो शनिवारी बारापूर्वी ओळख पटवून घेऊन जावा. आतला बडग्या शाळेतच राहील.